साधे की प्रगत: तालुक्याच्या गावात फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर निवडताना

लग्नसराई आटोपून पेरणीची लगबग सुरू झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दरवर्षी एखादा तरी तरुण जुना संगणक पोत्यात गुंडाळून, एसटीच्या मागच्या बाकावर सांभाळत माझ्या दुकानात आणतो. त्याला आपल्या गावात फोटो, ऑनलाइन अर्ज आणि बॅनरचे छोटे दुकान टाकायचे असते आणि त्याची मागणी ठरलेली असते: ‘भाऊ, एवढं फोटोशॉप टाकून द्या ना.’ कोणत्या कामासाठी, असे विचारले की तो गोंधळतो, कारण फोटोचे काम म्हणजे फोटोशॉप, एवढेच त्याने आजवर ऐकलेले असते. अशा नवख्या माणसाला मी समोर बसवून जे सांगतो, तेच येथे क्रमाने लिहिले आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. ज्यात हत्यारे कमी ते साधे आणि ज्यात जास्त ते प्रगत, अशी समजूत सर्वत्र दिसते, पण ती पुरेशी नाही. साधे सॉफ्टवेअर चित्राला एकच सपाट कागद मानते, म्हणजे त्यावर जे केले ते त्या कागदात मुरते. प्रगत सॉफ्टवेअर चित्राचे भाग एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे वेगळे राखते. या कागदांना लेयर म्हणतात. त्यामुळे चार दिवसांनी फाइल उघडूनही केवळ नाव बदलता येते, केवळ पार्श्वभूमी काढता येते किंवा चेहऱ्यावरची दुरुस्ती अर्धी मागे घेता येते. म्हणून निवड करताना ‘यात काय काय करता येते’ यापेक्षा ‘केलेले काम मला पुन्हा सुटे करावे लागणार आहे का’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची वही

सॉफ्टवेअर घेण्याआधी एक शंभर पानी वही घ्यावी. दुकान अजून सुरू झाले नसेल, तर जवळच्या बाजारगावातील ओळखीच्या दुकानात पंधरा दिवस बसावे आणि येणारे प्रत्येक काम लिहावे. रकाने चारच हवेत: काम कोणते, ते शेवटी कुठे जाणार (मोबाइलच्या पडद्यावर, कागदावर, फ्लेक्सवर की सरकारी संकेतस्थळावर), एका वेळी किती फोटो, आणि गिऱ्हाईक बदल सांगायला परत आले का.

हा चौथा रकाना बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि खरा निर्णय त्याच्यातच असतो. पासपोर्ट फोटो घेऊन गेलेला माणूस सहसा परत येत नाही. वाढदिवसाच्या बॅनरचे गिऱ्हाईक मात्र तीनदा येते: एकदा नाव शुद्ध करायला, एकदा ‘शुभेच्छुक’ मंडळींत राहून गेलेला भाचा घालायला आणि एकदा मधला फोटो मोठा करायला. आपल्या वहीत पहिल्या प्रकारची माणसे जास्त असतील, तर साधे सॉफ्टवेअर आपल्याला वर्ष-दोन वर्षे सहज पुरेल. दुसऱ्या प्रकारची माणसे आठवड्यातून दोन-तीन येत असतील, तर लेयर असलेले काहीतरी शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी पायरी: यंत्र आणि वीज

फोटोशॉपच्या सध्याच्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी रॅम (चालू काम ज्यात मांडलेले असते ती मेमरी) लागते आणि सुरळीत कामासाठी १६ जीबी असावी, असे कंपनीच सांगते. सेकंड-हँड घेतलेल्या संगणकात बहुधा ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असते. त्यावर प्रगत सॉफ्टवेअर कसेबसे चालू झाले, तरी प्रत्येक क्लिकनंतर चहा पिऊन यावे लागते.

रॅम कुठे खर्च होते, हे एका हिशेबाने समजते. समजा १० बाय ४ फुटांचे बॅनर करायचे आहे आणि फ्लेक्सवाल्याने इंचाला ७२ पिक्सेल (चित्र ज्यांनी बनते ते बारीक ठिपके) पुरेत, असे सांगितले आहे. १० फूट म्हणजे १२० इंच आणि ४ फूट म्हणजे ४८ इंच. तेव्हा चित्र ८,६४० बाय ३,४५६ पिक्सेलांचे, म्हणजे जवळपास ३ कोटी पिक्सेलांचे झाले. पारदर्शकता धरून प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणून पूर्ण आकाराच्या एका लेयरला सुमारे १२० एमबी आणि अशा दहा लेयरना १.२ जीबी जागा लागते. मागे जाण्याच्या सोयीसाठी सॉफ्टवेअर जे आधीचे टप्पे लक्षात ठेवते, त्यांची जागा वेगळीच. उलट पासपोर्ट फोटोचा अख्खा ताव १,८०० बाय १,२०० पिक्सेलांचा असतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या संगणकालाही तो जड जात नाही. हाती थोडे पैसे असतील, तर सॉफ्टवेअरआधी रॅम वाढवावी आणि फिरत्या डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवावी. यासारखा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

विजेचे म्हणाल, तर मृगाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर लाइन जाते, हे खेड्यात कुणाला सांगायला नको. फोटोशॉप ठरावीक मिनिटांनी पुनर्प्राप्तीची प्रत आपोआप ठेवते; गिम्प हे लेयर असलेले विनामूल्य सॉफ्टवेअर तसे करत नाही, आणि अचानक वीज गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचे सगळे काम जाते. तेव्हा इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल, तर दर पाच मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय बोटांना लावून घ्यावी. माझ्या बोटांना ती एका लग्नाच्या अल्बमची चौदा पाने गमावल्यानंतर लागली.

तिसरी पायरी: साध्या सॉफ्टवेअरवर एक काम पूर्ण करून पाहणे

साध्या सॉफ्टवेअरची ताकद नीट न पाहताच लोक प्रगतकडे धावतात, म्हणून पासपोर्ट फोटोचे काम येथे सविस्तर देतो. विंडोजमधला पेंट, इरफानव्ह्यू किंवा पेंट डॉट नेट यांपैकी काहीही चालेल. मात्र इरफानव्ह्यू घरगुती वापरासाठी विनामूल्य आहे आणि व्यवसायासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, तर पेंट डॉट नेटची संकेतस्थळावरची आवृत्ती व्यवसायासाठीही विनामूल्य आहे. दुकानात वापरताना हा फरक लक्षात ठेवावा.

फोटो मोबाइलमधून घ्यायचा असेल, तर केबलने घ्यावा किंवा गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान आणि दाबलेला होऊन येतो आणि मग त्याचे खापर आपल्या प्रिंटरवर फुटते. भारतीय पासपोर्ट फोटोचा नेहमीचा आकार ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे रुंदी आणि उंचीचे प्रमाण ७ ला ९ असते. त्या प्रमाणात क्रॉप करून फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलांचा करावा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने छपाई स्वच्छ येते. नंतर १,८०० बाय १,२०० पिक्सेलांचा कोरा पांढरा ताव उघडावा, म्हणजे ६ बाय ४ इंचांचा फोटो-कागद झाला. त्यावर आडवे चार आणि उभे दोन, असे आठ फोटो बसतात. आडवे १४८ आणि उभे १३८ पिक्सेल उरतात, ते फोटोंच्या मधल्या कापणीच्या फटीत वाटून द्यावेत. फट न सोडता फोटो चिकटवले, की कात्री चालवताना एकाचा तरी कान जातो.

याच फोटोवर परीक्षेचा अर्ज भरायचा असेल, तर नवखा माणूस हमखास एक चूक करतो. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलांचा व २० ते ५० केबीचा आणि सही १४० बाय ६० पिक्सेलांची व १० ते २० केबीची मागतात. २०० ला २३० हे प्रमाण ७ ला ९ पेक्षा रुंद आहे. म्हणून तयार पासपोर्ट फोटोच ताणून २०० बाय २३० केला, की चेहरा भाकरीसारखा पसरतो. पुन्हा मूळ फोटोकडे जावे, नव्या प्रमाणात क्रॉप करावे आणि मगच आकार कमी करावा. किती केबीत फाइल बसवायची, ते इरफानव्ह्यू किंवा पेंट डॉट नेटमध्ये जेपीजी साठवताना गुणवत्तेचा आकडा कमी-जास्त करून ठरवता येते. हे सारे काम साध्या सॉफ्टवेअरवर पाच मिनिटांत होते आणि प्रगत सॉफ्टवेअरवर सहा मिनिटांत, कारण ते उघडायलाच एक मिनिट घेते.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. सरकारी कागदपत्राच्या फोटोत उजेड आणि आकार यांपलीकडे काही करू नये. ‘थोडा गोरा करून द्या’ ही मागणी रोज येते, आणि मोबाइलमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोय आपोआप चालू असल्याने बरेच फोटो आधीच बिघडून येतात. सावळा चेहरा अंधारा आला असेल, तर संपूर्ण फोटोचा उजेड वाढवल्याने तो राखाडी, राख फासल्यासारखा दिसतो. मधल्या छटा तेवढ्या उचलाव्यात आणि गडद भाग गडदच राहू द्यावा, म्हणजे रंग माणसाचाच राहतो. कर्व्ह किंवा लेव्हल्स या नावाने ही सोय पेंट डॉट नेटमध्येही आहे.

मोबाइलवरच काम करणाऱ्यासाठी स्नॅपसीड हे चांगले साधे साधन आहे. ते विनामूल्य आहे, जाहिराती दाखवत नाही आणि फोटोच्या एका ठिकाणचाच उजेड बदलण्याची सोय देते. कॅनव्हावर पत्रिका आणि शुभेच्छापत्रे झटपट होतात, पण तेथे इंटरनेट लागते आणि आपल्या बॅनरसारखेच बॅनर पलीकडच्या गावातही टांगलेले दिसते.

चौथी पायरी: साधे कुठे अडते ते ओळखणे

माझ्या दुकानाच्या पहिल्या वर्षी मी एका वाढदिवसाचे बॅनर पेंट डॉट नेटवर केले होते. त्यात लेयर आहेत, त्यामुळे मी निर्धास्त होतो. संध्याकाळी आठच्या सुमारास, तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याचे दुकान बंद व्हायला तासभर असताना, मंडळाचे दोघे जण आले. अध्यक्षांचे आडनाव चुकले होते. फाइल उघडली तेव्हा कळले, की पेंट डॉट नेटमध्ये अक्षरे एकदा टाकून बाजूला क्लिक केले की ती चित्र बनतात. त्यांतले एक अक्षर खोडून दुसरे टाकता येत नाही. त्यातून मी फाइल जेपीजीत साठवली होती आणि जेपीजीत लेयर राहतच नाहीत, म्हणजे आडनावाखालचा फुलांचा नक्षीपट्टाही अक्षरांत मिसळून गेला होता. बॅनर पुन्हा पहिल्यापासून केले. दुसऱ्याच दिवशी मी गिम्प उतरवून घेतले.

तेव्हा अडण्याची पहिली खूण हीच: लिहिलेला मजकूर पुन्हा बदलावा लागणे. दुसरी खूण म्हणजे मास्कची गरज. नवरीच्या मोकळ्या केसांभोवतीची पार्श्वभूमी काढायची असेल, तर खोडरबराने खोडलेले केस परत येत नाहीत. मास्कमध्ये मात्र आपण काहीच खोडत नाही, फक्त झाकतो. काळ्या रंगाने झाकले तेवढे पांढऱ्या रंगाने पुन्हा उघडते. विंडोज ११ मधल्या पेंटला २०२३ मध्ये लेयर आणि पार्श्वभूमी काढण्याची सोय मिळाली आहे आणि मोबाइलची अनेक अॅपही एका बोटाने पार्श्वभूमी काढतात. एखाद-दुसऱ्या फोटोला ती पुरतात, पण केसांच्या टोकाशी ती जे चुकतात, ते हाताने सुधारायला जागा फार थोडी मिळते.

तिसरी खूण लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या वाट्याला येते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे भर दुपारी मांडवाच्या दारात वरात पोहोचते. पांढरे धोतर, पांढरा फेटा, डोक्यावर ऊन आणि फेट्याच्या सावलीत चेहरा. जेपीजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या न दाबलेल्या कच्च्या फोटोत, त्या १६,३८४ असतात. म्हणून रॉ फाइलमध्ये काळवंडलेला चेहरा वर काढता येतो आणि फेट्याच्या घड्याही शाबूत राहतात. जेपीजीत तोच चेहरा उचलला की डाग आणि पट्टे दिसू लागतात. रॉ उघडायला लाइटरूम किंवा विनामूल्य मिळणारे डार्कटेबल लागते. एका फोटोवर केलेली दुरुस्ती त्याच उजेडातल्या दोनशे फोटोंना एकदम लावता येणे, हा त्यांचा खरा फायदा आहे. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला या दोहोंची गरज नाही.

चौथी खूण छपाईच्या रंगांची. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर फ्लेक्सचे यंत्र निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने छापते; म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी आणि गडद निळा फ्लेक्सवर मळकट उतरतो. फोटोशॉपमध्ये हे रंग छपाईच्या पद्धतीत बदलून आधी पाहता येतात. गिम्पमध्ये ही सोय मर्यादित आहे. पण खरे सांगायचे तर नवख्याने यासाठी पैसे खर्चू नयेत. फ्लेक्सवाल्याकडे जाऊन एक वीतभर तुकडा छापून घ्यावा आणि तो पडद्याशेजारी टांगून ठेवावा.

मराठी अक्षरांची परीक्षा

शहरातल्या मार्गदर्शकांत सहसा न सापडणारी ही अडचण आमच्या कामात सर्वांत आधी उभी राहते. कोणतेही सॉफ्टवेअर ठरवण्यापूर्वी त्यात मंगलसारख्या युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या) फाँटने ‘श्री’, ‘क्षितिज’, ‘कर्तृत्व’, ‘दऱ्याखोऱ्यांत’ आणि ‘हार्दिक’ हे पाच शब्द लिहून पाहावेत. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी तुटते: वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार सुटा पडतो आणि जोडाक्षराचे पाय मोडतात. त्यानंतरच्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडले, की अक्षरे नीट बसतात. गिम्पमध्ये वेगळे काही करावे लागत नाही.

जुनी दुकाने या अडचणीवर श्रीलिपीसारख्या पद्धतींनी मात करत आली आहेत. या पद्धतींचे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात, त्यामुळे ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये न तुटता दिसतात, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘वाढदिवसाच्या’ जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फ्लेक्सवाल्याकडे फाइल पाठवताना अक्षरे चित्रात बदललेली एक प्रत पाठवावी आणि बदलता येणारी प्रत आपल्याकडे ठेवावी. युनिकोडमध्ये मुक्ता आणि बालू हे फाँट विनामूल्य मिळतात आणि बॅनरच्या ठळक अक्षरांना शोभतात.

तेरवीचा फोटो

प्रगत सॉफ्टवेअर खरोखर कशासाठी लागते, ते या एका कामात दिसते, म्हणून याला जरा वेळ देतो. घरात कुणी गेले, की तेरवीच्या आधी फोटो मोठा करून हवा असतो. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो पुष्कळदा नसतोच. असतो तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला समूहातला, घडी पडलेला, ओल लागलेला, आणि चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा.

असा फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन करावा. स्कॅनर नसेल, तर फ्लॅश बंद ठेवून, ओसरीच्या सावलीत, मोबाइल फोटोशी अगदी समांतर धरून टिपावा. गिम्पमध्ये मूळ लेयरला हात न लावता वर एक रिकामा लेयर घ्यावा, हीलिंग आणि क्लोन या हत्यारांत ‘सँपल मर्ज्ड’ (खालच्या लेयरवरूनही नमुना घेण्याची सोय) चालू करावे आणि घडीच्या रेषा त्या रिकाम्या लेयरवर भरत जावे. चूक झाली, तर तेवढा भाग पुसावा. खाली मूळ फोटो जसाच्या तसा असतो. सुरुवात पार्श्वभूमीपासून करावी, मग कपडे, मग कपाळ आणि गाल. डोळे, नाकपुड्या आणि ओठांच्या कडा यांना शक्यतो हातच लावू नये. तेथे दोन पिक्सेल इकडचे तिकडे झाले, तरी माणूस बदलतो. शेवटी लेव्हल्सने पिवळेपणा आणि मळकटपणा कमी करावा.

दोन वर्षांपूर्वी असाच एक फोटो मी घाईत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका अॅपमध्ये टाकला. चेहरा लख्ख झाला, पापण्यांचे केस मोजता यावेत इतका. गेलेल्या माणसाची बायको फोटो न्यायला स्वतः आली होती. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि म्हणाली, ‘हे ते नाही वाटून राहिले, भाऊ.’ अॅपने नखाएवढ्या चेहऱ्यात नसलेले बारकावे आपल्या मनाने भरले होते. मी त्या रात्री बसून हाताने फोटो केला. तो धूसर होता, पण तिने तो पाहताच पदर डोक्यावर घेतला.

पाचवी पायरी: प्रगतमध्ये कोणते

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि छपाईच्या धंद्यात त्याची पीएसडी फाइल सर्वांची बोली झाली. २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे बंद करून वर्गणी सुरू केली. वर्गणी थांबली, की सॉफ्टवेअर थांबते, आणि परवाना तपासण्यासाठी अधूनमधून इंटरनेटही लागते. वर्षभराची वर्गणी आणि वहीतल्या चौथ्या रकान्यातून येणारी कमाई शेजारी लिहून पाहावी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या स्टुडिओसाठी अल्बम करून देणार असाल आणि त्यांच्याकडून पीएसडी टेम्प्लेट येत असतील, तर हा खर्च निघू शकतो. केवळ गावातल्या बॅनरवर तो निघणे अवघड आहे.

पेनड्राइव्हवरून फुकट मिळणारे फोटोशॉप घेऊ नये. ते बेकायदेशीर आहे, हे एक झाले. दुसरे म्हणजे ते चालावे म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि मग त्यासोबत संगणकात काय शिरले ते कुणालाच कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचे अख्ख्या लग्नसराईचे फोटो असेच कुलूपबंद झाले आणि ते उघडण्यासाठी पडद्यावर खंडणीचा मजकूर आला. फोटो परत मिळाले नाहीत. नवरीकडच्या मंडळींना तोंड त्यालाच द्यावे लागले.

गिम्प १९९६ पासून विनामूल्य मिळते, व्यवसायासाठीही, आणि विंडोजबरोबर लिनक्सवरही चालते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर लावूनही नंतर तो बदलण्याची किंवा काढण्याची सोय झाली, जी आधी मोठीच उणीव होती. नवख्यांची गिम्पबद्दल एक तक्रार असते, की ‘सेव्ह’ केले तर जेपीजी होत नाही. ते मुद्दाम तसे आहे: ‘सेव्ह’ म्हणजे लेयरसह एक्ससीएफ फाइल, आणि जेपीजी हवी तर ‘एक्सपोर्ट’. माझ्या बॅनरचे जे झाले, ते या एका नियमाने टळले असते.

कधीतरीच पीएसडी उघडायची असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी वापरावे. ते जाहिरातींसह विनामूल्य आहे, त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. दहा फुटी बॅनर मात्र त्यात जड होते.

माझे मत विचाराल, तर खेड्यातल्या नव्या दुकानाने पेंट डॉट नेट आणि गिम्प या जोडीने सुरुवात करावी: घाईचे सपाट काम पहिल्यावर, आणि गिऱ्हाईक परत येईल असे वाटले तर पहिल्या मिनिटापासून दुसऱ्यावर. अर्धे काम साध्यावर करून मग प्रगतमध्ये नेण्यात दुप्पट वेळ जातो.

सहावी पायरी: बदल करताना

प्रगत सॉफ्टवेअर हाती आले, म्हणून त्याच दिवसापासून गिऱ्हाइकाचे काम त्यावर घेऊ नये. आपणच पूर्वी साध्यावर केलेले एक बॅनर निवडावे आणि रात्री दुकान बंद झाल्यावर ते पहिल्यापासून नव्यावर करून पाहावे. पहिल्या आठवड्यात फक्त पाच गोष्टी शिकाव्यात: लेयर, मास्क, क्रॉप, कर्व्ह आणि मजकूर. मेन्यूतल्या बाकीच्या दोनशे नावांकडे पाहूही नये. त्यांतली बरीचशी मलाही अजून लागलेली नाहीत. तेच बॅनर तिसऱ्यांदा करताना साध्याइतकाच वेळ लागू लागला, की गिऱ्हाइकाचे काम घ्यायला हरकत नाही.

फाइली ठेवण्याची पद्धतही त्याच आठवड्यात लावावी. प्रत्येक कामासाठी तारीख आणि गावाच्या नावाचा एक फोल्डर करावा आणि त्यात तीन फाइली ठेवाव्यात: गिऱ्हाइकाकडून आलेला मूळ फोटो, लेयर असलेली कामाची फाइल आणि छपाईला दिलेली जेपीजी. जेपीजी उघडून, थोडे बदलून पुन्हा जेपीजीतच साठवत गेले, तर प्रत्येक खेपेला फोटो थोडा झिजतो, म्हणून बदल नेहमी मधल्या फाइलमध्येच करावा.

शेवटी एक काम, ज्यासाठी साधे किंवा प्रगत कुठलेच सॉफ्टवेअर उघडू नये. अतिवृष्टीनंतर सोयाबीन किंवा कपाशी आडवी पडली, की शेतकरी मोबाइलमधले फोटो घेऊन येतात आणि ‘जरा स्पष्ट करून द्या’ म्हणतात. भरपाईसाठी नुकसान दाखवायचे असल्याने ते घाईत असतात. अशा फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि, मोबाइलमध्ये ती सोय चालू असेल तर, जागाही नोंदलेली असते. संपादन करून नव्याने साठवताना ती नोंद पुसली जाऊ शकते, आणि मग खऱ्या फोटोवरही शंका घेतली जाते. तो फोटो आहे तसाच पेनड्राइव्हवर उतरवून द्यावा, एक प्रत आपल्या संगणकात ठेवावी आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.